चेन लोडरच्या बकेटचा तोच कोपरा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठली त्याच आठवड्यात तुळजापूर रोडकडच्या एका खाणीवरून फोन आला. "अण्णा, परत गेलं बघा. तिथंच." तीन महिन्यांत ही तिसरी वेळ. मशीन म्हणजे जुना कॅटरपिलर ९५५, १९७० च्या दशकातला चेन लोडर. इंजिन अजून ठणठणीत, चेन दोन हंगाम तरी काढेल अशी, आणि बकेटचा उजवा कोपरा मात्र दर महिन्याला फाटलेला. बाजूची उभी प्लेट, जिला आम्ही गाल म्हणतो, ती खालच्या ब्लेडला जिथे मिळते तिथून चीर निघायची आणि गालात वर चढत जायची. आधी चार बोटं, मग वीतभर.

पहिल्यांदा ती खाणीवरच्याच वेल्डरनं भरली. दुसऱ्यांदा ट्रेलरवर घालून मशीन आमच्या अक्कलकोट रोडच्या शेडवर आलं, आम्ही भरली, वरून पट्टीही मारली. ते काम पाच आठवडे टिकलं. तिसऱ्यांदा वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायच्या आधी दोन दिवस नुसतं बघण्यात आणि मोजण्यात घालवले. त्या दोन दिवसांत जे दिसलं ते सविस्तर लिहितोय. जेसीबी असो, पोकलेन असो, व्हील लोडर असो, एकच जागा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

आधी चीर वाचायची

चीर दिसली की लगेच ग्राइंडर लावायची घाई होते. ती करू नका. ग्राइंडर फिरला की पुरावा गेला. डिझेल आणि वायर ब्रशनं जागा धुवा, कोरडी करा आणि उजेडात बसून बघा की चीर नेमकी कुठून गेली आहे.

वेल्डिंगच्या रेषेच्या मधोमध, लांबीच्या दिशेनं गेली असेल तर दोष भरण्यात आहे. रूट, म्हणजे सांध्याच्या तळापर्यंतचं वेल्डिंग, पोहोचलेला नाही, रन (वेल्डिंगची एक ओळ) बारीक पडली आहे किंवा आत स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, अडकला आहे. रेषेच्या अगदी काठावर, जिथे रन संपून मूळ प्लेट सुरू होते तिथून गेली असेल, तर जोड धरलाय पण शेजारची प्लेट ठिसूळ झाली किंवा सतत वाकून थकली. आणि वेल्डिंगपासून लांब, पट्टीच्या टोकाला नवीन चीर निघाली असेल, तर पट्टीनं भार दुसरीकडे ढकलला. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हींना "वेल्डिंग तुटलं" एवढंच म्हणून चालत नाही.

चीर उघडून तिचं तोंड बघता आलं तर आणखी कळतं. शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक वळणदार रेषा दिसल्या तर प्लेट हळूहळू, हजारो हेलकाव्यांनी थकत गेली. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर ती एकदम, ठिसूळपणानं गेली. रंगही बोलतो. आमच्या कोपऱ्यात गालाची जाडी १६ मिलिमीटर होती. त्यातला बाहेरचा ६-७ मिलिमीटरचा भाग ताजा, राखाडी; आतला सगळा तांबडा गंजलेला, आणि मध्ये काळ्या स्लॅगची एक बारीक रेघ. याचा अर्थ सरळ होता. मागच्या वेळी आम्ही चिरेचा वरचा भाग भरला आणि खालचा तसाच आत ठेवला. आतली जुनी चीर आमच्या नव्या वेल्डिंगला खालून उकलत वर आली.

ही चूक आमची. काम घाईचं होतं, खाणीवर डंपर थांबले होते, पण प्लेटला त्याच्याशी काही देणं-घेणं नसतं.

चीर जिथे दिसते तिथे ती संपत नाही

डोळ्यांना दिसणारं टोक हे खरं टोक नसतं. डीपी किट, म्हणजे रंग मुरवून चीर शोधायचं किट, आता आपल्या एमआयडीसीतही सहज मिळतं; तीन डबे, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. जागा साफ करून लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग क्लीनर थेट जागेवर न फवारता फडक्यावर घेऊन पुसा, नाहीतर चिरेतला रंगही धुऊन निघतो. त्यावर डेव्हलपर मारला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आम्हाला डोळ्यांनी १४० मिलिमीटर चीर दिसत होती, डीपीनं १८५ दाखवली. किट नसेल तर जुना उपाय आहे: डिझेल लावून मुरू द्यायचं, स्वच्छ पुसायचं आणि खडूची भुकटी फासायची. थोड्या वेळानं चिरेतलं डिझेल खडूवर ओलसर रेघ काढतं. किटइतकं बारीक दिसत नाही, पण काहीच न बघण्यापेक्षा कितीतरी बरं. नंतर ते डिझेल मात्र पूर्ण काढायचं.

टोक सापडलं की त्याच्या थोडं पुढे, ५ ते १० मिलिमीटरवर, ८ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. चिरेचं टोक सुईसारखं धारदार असतं, सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो ताण पसरतो, आणि पुढे ग्राइंडिंगच्या वा वेल्डिंगच्या उष्णतेनं चीर आणखी पळत नाही. मग भोकापासून सुरुवात करून पूर्ण लांबीची व्ही, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच, काढा, साधारण ६० अंशांची. आर्क गाउजिंग (आर्कनं धातू वितळवून कोरणं) असेल तर काम लवकर होतं, पण गाउजिंगनंतर कार्बन शोषलेला काळपट थर ग्राइंडरनं काढावाच लागतो. व्ही काढून झाली की पुन्हा डीपी. तळाशी केसाएवढी लाल रेघ राहिली तरी अजून खोल जायचं. प्लेट दोन्ही बाजूंनी मिळत असेल तर एक बाजू भरा, पलीकडून चांगला धातू लागेपर्यंत कोरा, मग ती बाजू भरा. शेवटी ते भोकही भरून सपाट करायचं.

पिनेच्या बोळाजवळच्या, म्हणजे पिन बसते त्या भोकाजवळच्या, चिरेत ग्रीस मुरलेलं असतं. तिथे आधी हलकं तापवून धूर यायचा थांबेपर्यंत तेल जाळावं लागतं, नाहीतर पहिल्याच रनला फुगे येतात. काही बकेटींच्या पाठीमागे किंवा ब्लेडमागे बंद पोकळ डबा असतो. त्याला तापवण्याआधी हवा जायला भोक पाडलंच पाहिजे. आत पाणी किंवा ग्रीस असेल तर वाफेनं तो फुटतो, आणि समोर माणूस बसलेला असतो.

कुठलं पोलाद कशाला जोडताय?

बकेट म्हणजे एकाच जातीचं लोखंड, असं समजून आपल्याकडे वेल्डिंग होतं. खरं तर गाल आणि पाठ साधारण मऊ, वेल्डिंगला सोप्या पोलादाची असते. खालचं ब्लेड वेगळं. ते झिजू नये म्हणून जास्त कार्बनचं किंवा बोरॉनचं, पाणी देऊन कडक केलेलं असतं. कानस मारून बघा. गालावर कानस धरते, कीस निघतो. ब्लेडवर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. कोपरा फुटतो तो बहुतेक वेळा या दोन पोलादांच्या भेटीच्या जागी, हा योगायोग नाही.

आता आपल्या भागातल्या दोन सवयींबद्दल लिहायलाच हवं.

एक, ट्रकचा जुना पाटा. फुकटात मिळतो, कडक असतो, म्हणून बकेटला पट्टी म्हणून लावला जातो. पाट्याच्या पोलादात अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. स्प्रिंग म्हणून तो उत्तम, पण न तापवता साध्या रॉडनं जोडला की रनच्या कडेला काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. पहिल्या मोठ्या दगडाला तो सुटतो, आणि सुटताना गालाचा लचका घेऊन जातो.

दोन, क्रशरच्या जॉ प्लेटचे तुकडे. खाणीवर ते पडलेलेच असतात. ते मँगनीज पोलादाचे असतात, ठोके खाऊन आणखी कडक होत जाणारे, म्हणून दगड फोडायला नामी. ओळखायला सोपं: चुंबक लावा, चांगली मँगनीज प्लेट चुंबकाला धरत नाही. पण हे पोलाद वेल्डिंगमध्ये अगदी उलट वागतं. ब्लेडला तापवल्याशिवाय जोडू नये, आणि मँगनीजला जास्त तापवू नये. २५०-२६० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की ते ठिसूळ होतं. त्याला लागतो स्टेनलेस जातीचा रॉड, छोट्या छोट्या रन, मध्ये थांबत. दोन विरुद्ध स्वभावाची पोलादं एकाच सांध्यात आणायची कशाला? माझं स्पष्ट मत आहे, जॉ प्लेटचा तुकडा फुटणाऱ्या कोपऱ्यावर कधीच लावू नये. आमच्या या बकेटवर पहिल्या दुरुस्तीतला असाच एक तुकडा होता. दुसऱ्या वेळी आम्ही तो तसाच ठेवून त्याच्या शेजारी काम केलं होतं. यावेळी कापून काढला.

रॉड

साधा ६०१३ रॉड ग्रीलसाठी, शेडसाठी चांगला. चालायला गुळगुळीत, स्लॅग सहज सुटतो, म्हणून वेल्डरला आवडतो. पण त्याच्या लेपातून वितळलेल्या धातूत हायड्रोजन बराच उतरतो. पातळ, मऊ लोखंडात तो निघून जातो. जाड आणि कडक पोलादात अडकतो, रनच्या खालच्या ठिसूळ थरात साठतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून चीर पाडतो. संध्याकाळी काम संपवून शेड बंद करताना 'टक्' असा बारीक आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

म्हणून इथे ७०१८, लो हायड्रोजन रॉड. पण हा रॉड तेवढ्यापुरताच लो हायड्रोजन असतो जेवढा तो कोरडा असतो. उघडं पाकीट शेडच्या फळीवर महिनाभर पडलं की त्यात आणि साध्यात फरक उरत नाही. श्रावणापासून परतीच्या पावसापर्यंत तर मुळीच नाही. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, सहसा ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास, भाजून घ्या आणि पोर्टेबल ओव्हनमधून एकेक काढून वापरा. बाहेर काढलेला रॉड चार तासांच्या आत वापरायचा. पुन्हा पुन्हा भाजायचा नाही, लेप खराब होतो. उन्हात वाळत घालणं, सायलेन्सरवर ठेवणं, ओल्या रॉडला शॉर्ट करून लाल करणं, यातलं काहीही भाजणं नव्हे.

डीसी रेक्टिफायरवर रॉडला प्लस, आर्क आखूड. ४ मिलिमीटरच्या रॉडला साधारण १५० ते १८० अँपिअर. जुन्या, कमी व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर ७०१८ चिकटतो, मग वेल्डर वैतागून परत ६०१३ उचलतो. मशीन बदला, रॉड बदलू नका. आणखी एक समज असा की जोड तुटतोय म्हणजे आणखी कडक रॉड हवा. दगडाच्या झिजेसाठीचा हार्डफेसिंगचा रॉड कोणी सांध्यात भरतो. त्या रॉडच्या रनला थंड होताना आपोआपच आडव्या बारीक चिरा पडतात. झिजेच्या जागी त्याचं काही बिघडत नाही, पण सांध्यात भरलात तर चिरेची पेरणी तुम्हीच करून ठेवता.

सोलापूरचं ऊन म्हणजे प्रीहीट नव्हे

प्रीहीट म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवणं. वरचं वाक्य मी शेडमध्ये इतक्या वेळा बोललोय की पोरं आता माझ्याआधीच म्हणतात. मे महिन्यात, पारा ४३-४४ वर गेला की बकेटला हात लावता येत नाही, हे खरं. पण हात पोळायला ५५-६० अंश पुरतात. आपल्याला लागतात १५० ते २०० अंश, तेही ब्लेडच्या पूर्ण जाडीत आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान तीन इंच.

कारण सांगतो. जाड थंड ब्लेड हे मोठं गार तवाच समजा. वितळलेली रन त्यावर पडली की ब्लेड तिची उष्णता क्षणात ओढून घेतं. लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा जे होतं तेच इथे न बुडवता होतं. आधीच तापवलेलं ब्लेड उष्णता सावकाश ओढतं, थर मऊ राहतो, हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो.

तापवायला एलपीजीचा मोठा बर्नर घ्या. कटिंग टॉर्चची बारीक ज्योत एकाच जागी लाल चट्टा पाडते, बाकी प्लेट गारच. ज्योत बाजूला करून मिनिटभरानं, शक्य तर ज्योतीच्या उलट बाजूनं तापमान बघायचं. टेम्परेचर चॉक स्वस्त आणि भरवशाचा. ठरलेल्या अंशावर तो वितळतो. लेझरचं बंदुकीसारखं थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत घासलेल्या जागेवर धरू नका, ते कमी आकडा दाखवतं. काळ्या, गंजलेल्या जागेवर धरा. कपाळाचा ताप मोजायचं यंत्र इथे कामाचं नाही. दोन रनांच्या मध्ये तापमान खाली आलं तर पुन्हा तापवा. दुसऱ्या टोकाला, २२५ च्या वर जाऊ नका, ब्लेडचं पाणी उतरतं.

काम झाल्यावर पाणी ओतायचं नाही. मला माहीत आहे की सगळीकडे ओततात. लवकर हात लावता यावा, लवकर रंग मारता यावा, मालक घाई करतोय. ते एक बादली पाणी आधीची सगळी मेहनत पुसून टाकतं. कोरड्या चुन्याच्या भुकटीखाली, कोरड्या वाळूखाली किंवा ग्लासवूलच्या गोधडीखाली झाकून रात्रभर सोडा. आमच्याकडे एक जुने तेलुगू वस्ताद होते, ते झाकल्यावर म्हणायचे, "आता त्याला झोपू दे की." दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेट कोमट लागली की काम नीट झालं.

पट्टी मारायची का?

चीर नीट काढून नीट भरली तर बहुतेक वेळा पट्टीची गरज नसते. न काढलेली चीर पट्टीखाली झाकली तर ती दिसत नाही, एवढाच पट्टीचा फायदा. मारायचीच तर भरलेला सांधा घासून सपाट करून मारा. टोकं चौकोनी ठेवू नका, शंकरपाळ्यासारखी निमुळती किंवा गोल करा, आणि पट्टीचं टोक गालाच्या वळणावर किंवा दुसऱ्या वेल्डिंगवर आणू नका. आमची मागची पट्टी १६ मिलिमीटर जाड, चौकोनी, आणि तिची वरची कड गालाच्या बरोबर मध्यावर आडवी. तिथे नवीन चीर सुरू झालेली डीपीत सापडली. पट्टी गालापेक्षा जाड असूच नये.

खरा दोष डावीकडे होता

आता मुख्य गोष्ट. वर लिहिलेलं सगळं नीट केलं असतं तर दुरुस्ती पाच आठवड्यांऐवजी कदाचित सहा महिने टिकली असती. पण कोपरा फुटलाच असता, कारण तो का फुटतोय हे आम्ही विचारलंच नव्हतं.

बकेट सपाट काँक्रीटवर टेकवली. ब्लेडचा उजवा कोपरा टेकला आणि डाव्याखाली १५ मिलिमीटर फट. मग दोरीनं बकेटच्या तोंडाचे कर्ण मोजले: दोन्हींत १८ मिलिमीटरचा फरक. म्हणजे बकेट पिळवटली होती. पीळ येतो कुठून? इंजिन बंद करून, बकेट जमिनीवर ठेवून प्रत्येक पिनेपाशी पहार घातली आणि खडूच्या खुणेनं हालचाल मोजली. बकेट पेलणाऱ्या दोन आर्मपैकी उजव्या आर्मची पिन घट्ट, जेमतेम एक मिलिमीटर. डाव्या आर्मची पिन सहा मिलिमीटर हलत होती. पिन बाजूनं झिजून चपटी, बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, संपलेला, बोळ लंबगोल.

बकेट ढिगात घुसली की दोन्ही आर्मनी मिळून ढकलायचं असतं. इथे डावा आर्म सहा मिलिमीटर रिकामा सरकल्यावर कुठे भार घ्यायचा. तोवर सगळा जोर एकट्या उजव्या बाजूनं, आणि बकेट प्रत्येक घासाला पिळायची. दिवसाला शेकडो वेळा. म्हणून घट्ट, चांगल्या बाजूचा कोपरा फुटत होता, आणि आम्ही सगळे दर वेळी त्याच बाजूकडे बघत राहिलो. फुटणारी बाजू आणि बिघडलेली बाजू एकच असते हे आपण गृहीत धरतो, तिथेच फसतो.

दुसरी जागा बकेटच्या स्टॉपची. बकेट पूर्ण मागे वळवली की तिच्या पाठीवरचे दोन ठोकळे आर्मवर एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक झिजला असेल किंवा कोणी एकावरच वेल्डिंगचा थर चढवला असेल, तर भरलेली बकेट दर वेळी एका बाजूला आधी आपटते. कागदाची पट्टी दोन्हीकडे धरून बघा, दोन्ही सारख्या दाबल्या गेल्या पाहिजेत. आमच्याकडे चार मिलिमीटरचा फरक निघाला. थर चढवून, घासून बरोबरीत आणला.

डावा बोळ भरून हातानं ग्राइंडरनं गोल करायचा सल्ला दोघांनी दिला. नाही केला. असा बोळ डोळ्यांना गोल दिसतो, पण उजव्या बोळाशी एका रेषेत येत नाही, आणि पिन घालताना बारा किलोचा घण लागतो. बकेट सोडवून, बोळ वेल्डिंगनं भरून लाइन बोरिंग करून घेतलं, दोन्ही बाजूंतून एकच रेष धरून. ज्यांना बोळाची टिकलीच नवीन लावायची असेल त्यांनी दोन्ही बोळांतून आरपार एक सरळ शाफ्ट घालून मगच टाके मारावेत, आणि वेल्डिंग संपून गार होईपर्यंत शाफ्ट काढू नये. नवी पिन, नवा बुश, बाजूची ढिलाई वॉशरनं भरलेली. पिन ठोकताना पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा मध्ये धरा. कडक पिनेवर उघडा घण बसला की कपची उडते, आणि त्या कपचीनं डोळा गेलेला माणूस मी पाहिलाय.

काम बकेट मशीनवरून उतरवूनच करा. हायड्रा क्रेनचं भाडं जास्त वाटतं, पण उतरवलेली बकेट हवी तशी पालथी करून प्रत्येक रन सपाट बसून मारता येते, आणि कोणाला उचललेल्या आर्मखाली जावं लागत नाही. अगदीच उतरवता येत नसेल तर आर्मखाली पक्के टेकू, बॅटरीची मायनस वायर आणि आल्टरनेटरची जोडणी काढलेली, होजवर ओली गोणपाटं, आणि अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, सांध्याच्या जवळ. क्लॅम्प चेनला किंवा बॉडीला लावला तर सगळा करंट पिना-बुशांतून जातो आणि त्यांच्यावर ठिणग्यांचे खड्डे पाडतो. नवीन बुश घालून त्याच दिवशी तो असा खराब केलेला मी बघितलाय.

खाणीवर

बकेट बसवायला गेलो तेव्हा दुपारभर उभा राहून काम बघितलं. चालवणारे मामा तीस वर्षांचे अनुभवी. पण जागा अरुंद, डंपर नेहमी डावीकडे लागणारा, म्हणून ढिगात घुसतानाच मशीन वळवायला सुरुवात व्हायची. चेनच्या मशीनला वळताना केवढा जोर लागतो ते चालवणाऱ्यालाच माहीत. तो सगळा जोर ढिगात रुतलेल्या बकेटच्या उजव्या कोपऱ्यावर आडवा येत होता. मोठा दगड उकरायलाही तोच कोपरा.

"मामा, आधी सरळ घुसा, भरा, मागं या, मग वळा."

"वेळ लागतो की हो."

"महिन्याला चार दिवस मशीन उभं राहतं, त्यापेक्षा कमीच लागेल."

मामा काही बोलले नाहीत, पण मालकाला हाक मारून त्यांनीच डंपरची जागा आठ-दहा मीटर मागे घ्यायला लावली. उजवीकडचा शेवटचा दातही गळालेला होता, दात जिच्यावर बसतो त्या नुसत्या अडॅप्टरवर काम चाललं होतं. तो बसवला. कोपऱ्यातला दात नसेल तर दगडाचा पहिला ठोका थेट ब्लेडच्या टोकाला आणि तिथून गालाच्या सांध्याला.

वेल्डिंगनंतर ४८ तासांनी, रंग मारायच्या आधी, पुन्हा डीपी केलं होतं. हायड्रोजनची चीर यायची असेल तर बहुधा तोवर येते. साफ निघालं. त्यानंतर मालकांना तीन गोष्टी लिहून दिल्या. डाव्या-उजव्या पिनांना रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ब्लेडचे प्लाऊ बोल्ट पहिल्या दिवसाच्या शेवटी आणि मग आठवड्यानं पुन्हा आवळायचे. आणि दर पंधरा दिवसांनी पहार घालून दोन्ही पिनांची हालचाल मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. एकीकडे तीन मिलिमीटर झाली की फोन, मग कोपरा फुटलेला असो वा नसो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाळ्याची खाण बंद व्हायच्या आधी, जाऊन पाहून आलो. उजवा कोपरा डीपीत साफ. डावी पिन एक मिलिमीटर, उजवी दोन. उजवा बुश आता आधी संपणार आहे, तो बंदीच्या काळात बदलायचा ठरलाय.